गाडीला हार, कागदाला रद्दीचा भाव

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा प्रवास अधिकृतपणे संपला. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांच्या वर आयुष्य नाही. त्या आठवड्यात आपण काय केलं? स्टोऱ्या टाकल्या. जुन्या सिनेमांतल्या टॅक्सीचे तुकडे, पावसातलं मरीन ड्राइव्ह, मागे एखादं हळवं गाणं. एक तरी पद्मिनी जपून ठेवा, अशी मागणीही झाली. मागणी चांगलीच होती. पण गाडीसोबत तिचं वर्कशॉप मॅन्युअल, पार्ट्स कॅटलॉग, वायरिंगचा नकाशा आणि कंपनीनं डीलरांना पाठवलेली सर्व्हिस पत्रकंही जपा, असं म्हणणारा आवाज माझ्या तरी कानांवर आला नाही.

कागद हरवलेली गाडी म्हणजे पेंढा भरलेला वाघ. फोटोला उभा राहतो, डरकाळी फोडत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या गाड्यांचं तांत्रिक ज्ञान आज आपल्या डोळ्यांदेखत इंटरनेटवरून पुसलं जातंय. ते पुसणारे कुणी खलनायक नाहीत. कंपन्यांची बेफिकिरी, संग्राहकांचा कंजूषपणा आणि ‘नेटवर असेलच की’ हा तुमचा-माझा आळस, या तिघांनी मिळून हे चालवलंय. आणि हा प्रश्न फक्त जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा नाही. तुमच्या खाली लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरचाही आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

त्या कागदांत असतं तरी काय?

ज्यांनी कधी पाना हातात धरला नाही त्यांच्यासाठी तीन उदाहरणं.

पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचं, खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. या हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमानं आणि ठरलेल्या जोरानंच आवळावे लागतात. कमी आवळले तर गॅस्केट जातं. जास्त आवळले तर हेड वाकतं किंवा आटे जातात. तो क्रम आणि तो आकडा मॅन्युअलच्या एका पानावर असतो. ते पान नसेल तर राहतो तो अंदाज, आणि अंदाजाची किंमत म्हणजे एक आख्खं हेड, जे आता बाजारात नवं मिळत नाही.

दुसरं उदाहरण. जुन्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. ही एक ओळ माहीत नसताना कुणी हौसेनं तिथं आजचा म्युझिक सिस्टिम किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवला, तर धूर निघतो. मग वायरमन गाडीला नावं ठेवतो, मालक वायरमनला.

तिसरं जरा भीतीदायक. फ्रान्सची सिट्रोएन डीएस ही गाडी तेलाच्या दाबावर उभी राहते. सुरुवातीच्या गाड्यांत एका प्रकारचं तेल होतं, १९६० च्या दशकात कंपनीनं ते बदलून हिरवं खनिज तेल आणलं. एकाचं तेल दुसऱ्यात ओतलं की आतले रबरी सील खराब होतात. आणि याच तेलावर त्या गाडीचे ब्रेकही चालतात.

यातली एकही गोष्ट गाडीकडे टक लावून बघितल्यानं कळत नाही. ती लिहूनच ठेवावी लागते, म्हणून लिहिली गेली. ज्यांना हे नुसतं ‘नॉस्टॅल्जिया’ वाटतं, त्यांनी एकदा ब्रेक नसलेल्या गाडीतून घाट उतरून बघावा.

नेटवर होतं, आता नाही

नव्वदीच्या शेवटी आणि दोन हजारच्या दशकात जगभरातल्या हौशी लोकांनी एक विलक्षण काम केलं. निवृत्त इंजिनिअर, गॅरेजवाले, शाळामास्तर, कुणीही. तेलाचे डाग पडलेली मॅन्युअलं त्यांनी एकेक पान करून स्कॅन केली. कार्ब्युरेटर उघडून पन्नास-पन्नास फोटो काढले आणि प्रत्येकाखाली ‘ही स्प्रिंग आधी काढा, नाहीतर उडून डोळ्यात जाईल’ असं लिहिलं. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी मागितलेही नाहीत. फक्त एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, आणि ती म्हणजे हे सगळं ठेवायची जागा. ती फुकट मिळाली होती. फुकट मिळालेल्या जागेवरून भाडेकरूला कधीही उठवता येतं.

आधी जिओसिटीज गेलं, ऑक्टोबर २००९ मध्ये. हजारो हौशी पानांचा तो पहिला मोठा सामुदायिक मृत्यू. मग जून २०१७ च्या अखेरीला फोटोबकेट या फोटो साठवायच्या सेवेनं एका रात्रीत नियम बदलला. तुमचे फोटो दुसऱ्या पानांवर दिसायला हवे असतील तर वर्षाला जवळपास ४०० डॉलर भरा, असं सांगितलं. त्या दिवशी गाडीदुरुस्तीची असंख्य पानं आंधळी झाली. मजकूर होता तसाच, ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे लिव्हर डावीकडे फिरवा’. चित्राच्या जागी पैसे मागणारा एकच फलक. पुढच्या वर्षी दर उतरले, पण तोवर पुष्कळ लोक वैतागून खाती सोडून गेले होते. काही जग सोडून गेले होते.

मग याहू ग्रुप्स. तिथं प्रत्येक गटाचं एक फाइलींचं कपाट असायचं. वायरिंगचे नकाशे, सुट्या भागांच्या याद्या, कोणत्या गाडीचा भाग कोणत्या गाडीला बसतो त्याचे तक्ते. कंपनीनं २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलं की डिसेंबरनंतर हे सगळं पुसलं जाईल. दोन-तीन महिन्यांत जेवढं उचलता आलं तेवढं स्वयंसेवकांनी उचललं. डिसेंबर २०२० मध्ये सेवाच बंद झाली. कुळाला शेत सोडायलासुद्धा यापेक्षा जास्त मुदत मिळते.

हे मोठे अपघात झाले. रोजचे मृत्यू याहून साधे असतात. एखाद्या आजोबांनी आयुष्यभर एका मॉडेलची माहिती जमवून स्वतःचं संकेतस्थळ चालवलेलं असतं. आजोबा जातात. डोमेनचं वार्षिक शुल्क भरायचं असतं हे घरात कुणाला माहीत नसतं. वर्षभरात त्याच पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकते. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. दहा वर्षांत शंभरातली अडतीस. वाळवीसुद्धा लाजेल.

‘पण इंटरनेट आर्काइव्ह आहे ना?’ आहे, आणि त्या संस्थेचे आपल्यावर उपकार आहेत. १९९६ पासून ती हे काम करतेय. पण तिचा यंत्रमानव लॉगिनच्या आत जाऊ शकत नाही, आणि आपलं बरंचसं तांत्रिक ज्ञान तर लॉगिनच्या आतच होतं. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि ती काही दिवस बंदच पडली. सगळ्या गावानं एकाच विहिरीवर भिस्त ठेवायची आणि विहिरीत कुणी काही टाकलं की कपाळावर हात मारायचा, याला शहाणपण म्हणत नाहीत.

आपल्या गाड्यांचं दुखणं वेगळं

इथं कुणी म्हणेल, फियाटचे कागद इटलीत असतीलच की. असतील. तुरीनला ‘चेंत्रो स्तोरिको फियाट’ नावाचं कंपनीचं संग्रहालय आणि दप्तर १९६३ पासून आहे. इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जुन्या कारखान्यांच्या नोंदी सांभाळल्यात. तुमच्या मॉरिसचा किंवा ऑस्टिनचा चॅसिस क्रमांक द्या, ती कोणत्या दिवशी, कोणत्या रंगात कारखान्याबाहेर पडली याचा दाखला ते नोंदी बघून देतात.

पण पद्मिनी इटलीत बनली नाही. ती कुर्ल्याला बनली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि तिथं इटालियन मूळ आराखड्यावर पुढची कितीतरी वर्षं देशी पुरवठादारांचे भाग बसत गेले. इटलीनं ११०० बनवणं थांबवल्यावरही कुर्ल्यात ती दशकानुदशकं बनत राहिली. त्या काळात झालेले बदल तुरीनच्या कपाटात कशाला असतील? मद्रासच्या स्टँडर्ड हेराल्डचंही तेच. मूळ गाडी इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, पण चार दारांची हेराल्ड मार्क ३ फक्त भारतात बनली. तिच्या मागच्या दारांचं कुलूप कसं उघडतं हे सांगणारा कागद इंग्लंडमध्ये शोधून सापडणार नाही.

म्हणजे हे कागद आपण नाही जपले तर जगात दुसरं कुणी जपणार नाही. कुर्ल्यात ‘प्रीमियर रोड’ हे नाव अजून आहे. रस्त्याची पाटी टिकली. कारखान्याचं दप्तर टिकावं म्हणून आपण काय उभारलं?

आणि हे सगळं त्या महाराष्ट्रात, जिथं कागद शोधणं हा एके काळी धर्म होता. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत होते. त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चे खंड उभे राहिले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांचा आग्रह एकच होता. बखरीतल्या रसाळ हकिगतींवर विसंबू नका, अस्सल कागद काढा. त्याच पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात आजही एखादं मॅन्युअल पेपरवेटखाली पडलेलं दिसतं, आणि भाव वजनावर ठरतो.

पळवाटा आणि त्यांची उत्तरं

‘यूट्यूबवर सगळं आहे.’ नाही. यूट्यूबवर बखरी आहेत. कुणीतरी त्याच्या गाडीवर त्याच्या अंदाजानं काय केलं, त्याची रंगवलेली हकिगत. ती ऐकायला मजा येते, कधी उपयोगही होतो. पण व्हॉल्व्हमधलं अंतर किती ठेवायचं यावर दोन व्हिडिओंत दोन आकडे निघाले की निवाडा कोण करणार? अस्सल कागद. रील ही बखर आणि वायरिंगचा नकाशा हे अस्सल पत्र, एवढा फरक राजवाड्यांच्या महाराष्ट्रानं तरी ओळखावा.

‘एआयला विचारू.’ विचारा. त्यानं जे वाचलंय त्यावरून ते सांगणार. जे पुसलं गेलं ते त्यानं वाचलं कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फरक एवढाच की पोहरा रिकामा आला तर निदान कळतं. हे यंत्र रिकाम्या जागी एक आकडा आत्मविश्वासानं भरून देऊ शकतं. हेडचा बोल्ट त्या आकड्यावर आवळून बघा.

‘हा श्रीमंतांचा शौक.’ नेमकं उलटं. महाराजांच्या रोल्स-रॉइसची काळजी करू नका, तिच्यासाठी परदेशातून माणूस येतो. मर्सिडीज आणि पोर्शेसारख्या कंपन्या त्यांच्या जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र विभाग चालवतात. कागद हरवतात ते मास्तरांच्या, डॉक्टरांच्या, टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांचे. आणि या गाड्यांभोवती मालकांपेक्षा जास्त माणसं कारागीर होती. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या गाळ्यांत ज्यांनी आयुष्य काढलं, त्या मिस्त्रींच्या वह्यांत मॅन्युअलमध्येही नसलेल्या गोष्टी आहेत. पैसेवाला नवी गाडी घेईल. मिस्त्री गेला की त्याची वही त्याच्याबरोबर जाते.

‘कॉपीराइट आहे.’ आहे, आणि तो पाळायला हवा. पण त्याच्या आड लपण्याआधी कायदा वाचायला हवा. भारतात लेखकाचं नाव नसलेल्या प्रकाशनावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क चालतो, आणि बहुतेक मॅन्युअलांवर लेखकाचं नाव नसतं. दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत साठवू शकतं. मॅन्युअल तुमच्या कपाटात असेल तर ही सोय तुम्हाला नाही. तेच गावच्या वाचनालयाला दान दिलं तर आहे. मग अडलंय कुठं?

अडलंय कपाटापाशी. आपल्याकडच्या काही संग्राहकांना कागद जपण्यापेक्षा तो दुसऱ्याकडे नसण्यात आनंद असतो. नकाशाच्या बरोबर मधोमध स्वतःचा फोन नंबर छापून तो ग्रुपवर टाकायचा, तोही धूसर. मागितला तर ‘भेटल्यावर बोलू’. दुसऱ्यानं फुकट स्कॅन केलेलं मॅन्युअल पेन ड्राइव्हवर भरून दीड हजाराला विकायचं. रॅलीत फेटा बांधून ‘वारसा जपतोय’ म्हणायचं आणि वारशाची झेरॉक्स काढू द्यायची नाही. अशा माणसाला वारसदार म्हणत नाहीत. तो नुसता कुलूप आहे.

आता सरकारच पुरावा मागतंय

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी-चारचाकी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा.

आता हिशेब करा. फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव १९७४ च्या सुमारास मिळालं. म्हणजे पहिल्या पद्मिनी आत्ता कुठं व्हिंटेज ठरू लागल्यात. मूळ रूप म्हणजे कोणतं? त्या वर्षी कोणता कार्ब्युरेटर होता, डायनॅमो होता की अल्टरनेटर, मागचा दिवा कुठल्या आकाराचा, हे कोण सांगणार? त्या वर्षीचा पार्ट्स कॅटलॉग. तो नसेल तर ‘मूळ’ म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचं मत. गाडी रस्त्यावर आणायची वेळ आली आणि नेमका तेव्हाच आपण तिचा जन्मदाखला रद्दीत घातला.

मग काय करायचं?

तुमच्या हातात फोन आहे, आणि तो स्कॅनर आहे. म्हणून हे तुम्हाला सांगतोय, फेटेवाल्यांना नाही.

लिंक जपणं म्हणजे कागद जपणं नव्हे. आवडलेलं पान बुकमार्क करू नका, उतरवून घ्या. कागद स्कॅन करताना मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळा करा. ज्या पानावर छपाईचं साल आणि आवृत्ती असते ते पान तर आधी, कारण साल माहीत नसलेला नकाशा निम्मा निकामी. स्वतःचं नाव पानावर छापू नका, फाइलीसोबतच्या नोंदीत लिहा. फाइलीच्या नावात गाडी, साल, भाषा घाला. ‘स्कॅन००४७’ नावाची फाइल हरवलेल्या फाइलीइतकीच सापडते.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. हा जतनाचा जुना नियम आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी तरली, असं आपण श्रद्धेनं म्हणतो. ती लोकांच्या तोंडी होती आणि संताजी जगनाड्यांच्या वहीत होती, असंही परंपरा सांगते. गाथा तरली ती प्रती होत्या म्हणून. एकाच्याच हार्ड डिस्कवर असती तर इंद्रायणीचीही गरज नव्हती.

मिस्त्रीच्या वहीचे फोटो काढायचे तर त्याला विचारून काढा, त्याचं नाव द्या, त्याच्या वेळेचे पैसे द्या. तो उर्दूत, हिंदीत, मराठीत जे सांगतो ते त्याच्याच शब्दांत नोंदवा. आणि छापील मॅन्युअल आपल्याजवळ असेल तर सार्वजनिक वाचनालयाला द्या, पावती घ्या, आणि वर सांगितलेली कायद्यातली तरतूद ग्रंथपालाला दाखवा.

पण हौशी लोकांनी किती ओढायचं? एक मागणी सरकारकडेही हवी. १९५४ च्या कायद्यानं भारतातल्या प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या ठरलेल्या ग्रंथालयांत द्यावी लागते. दोनशे प्रती निघणाऱ्या कवितासंग्रहाला हा नियम लागतो. मग लाखांनी विकल्या जाणाऱ्या वाहनाच्या सर्व्हिस मॅन्युअलला का नको? विक्रीआधी प्रत्येक नव्या मॉडेलची चाचणी होते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था ती करतात. चाचणीच्या वेळीच पूर्ण दुरुस्ती-दस्तऐवज जमा करून घ्या. हवं तर काही वर्षं मोहोरबंद ठेवा. कंपनी बंद पडली किंवा तिनं त्या मॉडेलचे भाग देणं थांबवलं, की मोहोर फोडा. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. पण तिथं सहभाग कंपनीच्या मर्जीवर. मर्जीवर वारसा चालत नाही.

आता तुमची स्कूटर. पद्मिनीचं मॅन्युअल निदान छापलं तरी होतं, म्हणून आज ते जुन्या बाजारात सापडू शकतं. तुमच्या स्कूटरचं मॅन्युअल कुठल्याच माळ्यावर सापडणार नाही, कारण ते कधी कागदावर आलंच नाही. ते कंपनीच्या सर्व्हरवर आहे, डीलरच्या पासवर्डमागे. अमेरिकेतली फिस्कर ही इलेक्ट्रिक गाड्यांची कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. मालकांना स्वतःची संघटना काढून सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांसाठी धावाधाव करावी लागली. गाड्या नव्याकोऱ्या होत्या.

म्हणजे ज्याला आपण जुन्या गाडीचा प्रश्न समजतो तो पुढे विकत घ्यायच्या गाडीचा प्रश्न आहे. विकत घेतलेली वस्तू कशी उघडायची हे ज्याला कळू शकत नाही तो तिचा मालक नाही, भाडेकरू आहे. आणि भाडेकरूला कधीही उठवता येतं, हे जिओसिटीज, फोटोबकेट आणि याहूनं तीनदा शिकवलंय.

पद्मिनीसाठी तुम्ही स्टोरी टाकली होती, ती चोवीस तासांत गेली. या रविवारी घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या गॅरेजमधल्या एका जुन्या वाहनाचं एक मॅन्युअल शोधा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करा. हार घालायला पुष्कळ लोक आहेत. पानं उलटायला माणसं हवीत.